मनातलं विचारा : सेटवरून समुपदेशनाच्या खोलीत

नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी नाशिकमध्ये व्यसनमुक्तीचं काम करतो. त्याआधी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर होतो, आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेला होतो. या महिन्यात आलेली चार पत्रं वाचताना ती एकाच घरातून आल्यासारखी वाटली, म्हणून एकत्र घेतो आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे. तो प्रश्न मला स्वतःलाही लागू आहे.

प्रश्न : सर, मॅकेन्झी फिलिप्स या अमेरिकन अभिनेत्रीबद्दल वाचलं. लहानपणी प्रसिद्ध झाली, मग नशेत बुडाली, बरीच वर्षं चांगली राहिली आणि पुन्हा विमानतळावर माल बाळगताना पकडली गेली. आता ती व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे म्हणे. जिला स्वतःला सांभाळता आलं नाही, तिने दुसऱ्याला काय सांगायचं? माझ्या धाकट्या भावाला ज्या केंद्रात ठेवलं आहे तिथेही निम्मे समुपदेशक पूर्वीचे व्यसनीच आहेत, म्हणून विचारतो.
— एक वाचक, सांगली

दादा, तुमची खरी काळजी भावाची आहे हे शेवटच्या वाक्यात कळलं. त्याच्याकडे येतोच. पण आधी मॅकेन्झीची गोष्ट नीट सांगू द्या. लोकांच्या लक्षात तेवढा विमानतळ राहतो, आणि तिथे तिच्यावर अन्याय होतो.

तिचा जन्म १९५९ चा. वडील जॉन फिलिप्स म्हणजे साठच्या दशकात गाजलेल्या ‘द मामाज अँड द पापाज’ या गायकांच्या चमूतले मुख्य गीतकार. घरात पैसा होता, पाहुण्यांची वर्दळ होती, आणि नशेच्या वस्तू उघड्यावर होत्या. ‘अमेरिकन ग्राफिटी’ हा चित्रपट १९७३ साली आला. त्याचं चित्रीकरण झालं तेव्हा ही मुलगी बारा वर्षांची होती. कॅलिफोर्नियातल्या नियमांमुळे अल्पवयीन मुलीला सेटवर पालक लागतो, म्हणून चित्रपटाचे निर्माते गॅरी कर्ट्झ हेच तेवढ्या काळापुरते तिचे कायदेशीर पालक झाले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच ओळीवर थांबलो होतो. त्या गृहस्थांनी तिला नीट सांभाळलं असेल, त्यांच्यावर माझा काही आरोप नाही. पण ‘आज मला बरं वाटत नाही, काम नको’ हे बारा वर्षांच्या पोरीने सांगायचं कुणाला? ज्याचं काम अडणार आहे, त्यालाच?

१९७५ च्या डिसेंबरात सीबीएस वाहिनीवर ‘वन डे ॲट अ टाइम’ ही मालिका सुरू झाली. घटस्फोट घेतलेली आई आणि तिच्या दोन मुली अशी ती गोष्ट, त्यातली थोरली ज्युली म्हणजे मॅकेन्झी. तेव्हा ती सोळाची. मालिका १९८४ पर्यंत चालली, ही मात्र शेवटपर्यंत टिकली नाही. सेटवर उशिरा यायला लागली, संवाद धड म्हणता येईनात. १९८० साली तिला काढलं. उपचार घेऊन परत आली, परत घसरली, आणि मालिका संपायच्या आत कायमची बाहेर पडली. वडिलांनीच आपल्याला सुईने कोकेन टोचलं होतं, असं तिने पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. आमच्याकडे येणाऱ्या पोरांमध्ये बापाच्या ग्लासातून पहिला घोट घेतलेले किती निघतात ते मी मोजणं सोडून दिलं आहे. अडवणारा माणूसच हातात आणून देतो, तेव्हा त्या पोराला ‘नाही’ हा शब्द कुठून ऐकू येणार?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिने दीर्घ उपचार घेतले. मग बरीच वर्षं ती नशेपासून लांब राहिली, मुलगा वाढवला, डिस्ने वाहिनीच्या एका मालिकेत आईची भूमिका केली. त्यानंतर ऑगस्ट २००८. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत तिच्याजवळ कोकेन आणि हेरॉइन सापडलं. तिने कोकेन बाळगल्याचा गुन्हा कबूल केला. न्यायालयाने तिला उपचारांच्या कार्यक्रमात पाठवलं, तो तिने पूर्ण केला आणि खटला निकाली निघाला. बातम्या इथे संपतात. तिचं काम मात्र यानंतर सुरू होतं. तिने समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि लॉस एंजेलिसमधल्या ब्रीद लाइफ हीलिंग सेंटर या केंद्रात व्यसनी माणसांबरोबर बसायला लागली. २०१७ मध्ये तिच्या जुन्या मालिकेची नवी आवृत्ती नेटफ्लिक्सवर आली. त्यात तिला भूमिका मिळाली ती समुपदेशिकेची, म्हणजे गट घेऊन बसणाऱ्या बाईची. मी ते भाग पाहिले. तिला अभिनय करावा लागला असेल असं मला वाटलं नाही. समोरचा माणूस बोलत असताना मध्ये न बोलता बसायची एक पद्धत असते, ती शिकायला आम्हाला वर्षं लागतात. ती तिच्या बसण्यात होती.

आता तुमचा प्रश्न. जी स्वतः पडली ती दुसऱ्याला काय सांगणार?

दादा, मी २००१ साली दारू सोडली. चार वर्षं आणि दोन महिने थेंब घेतला नाही. २००५ च्या मे महिन्यात संगमनेरला भाचीच्या हळदीला गेलो होतो. मंडपामागे जनरेटरची गाडी उभी होती, तिच्या आडोशाला चार जण बसले होते. कुणी आग्रहसुद्धा केला नाही. एकाने प्लास्टिकचा ग्लास पुढे केला आणि माझा हात गेला. पुढचे तीन दिवस मला धड आठवत नाहीत. लग्नाच्या फोटोंत मी नाही. भाचीला आज दोन मुलं आहेत, तरी तो अल्बम माझ्यासमोर कुणी काढत नाही.

चौथ्या दिवशी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला गेलो. उभा राहिलो आणि म्हणालो, आज माझा पहिला दिवस. रडत होतो. आमच्यात एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर होते, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. मीटिंग संपल्यावर बाहेर चहाच्या टपरीवर ते म्हणाले, “तारीख आजची लाव, ते खरंच आहे. पण चार वर्षं गाडी चालवलीस ती चालवलीस. रस्ता तुला माहीत आहे. आता मला एवढंच सांग, अपघात कुठल्या वळणावर झाला?”

मी म्हणालो, हळदीत. ते म्हणाले, “तो तर झाडावर आदळलास ती जागा. वळण मागे असेल.”

खूप विचार केल्यावर सापडलं. आठ महिन्यांपूर्वी कारखान्यात ओव्हरटाइम सुरू झाला होता आणि मी गुरुवारची मीटिंग सोडली होती. मग अण्णांना फोन करणं सोडलं. मग घरात चिडचिड सुरू झाली. दारू सगळ्यात शेवटी आली. हे मी कुठल्याही पुस्तकातून शिकलो नसतो. आज माझ्यासमोर बसलेला माणूस सांगतो, ‘सर, सगळं ठीक चाललंय, फक्त मीटिंगला वेळ होत नाही,’ तेव्हा माझे कान टवकारतात ते त्या आठ महिन्यांमुळे.

अजून एक सांगतो. मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ आले, मोठ्या हुद्द्यावरचे. ‘मी फक्त शनिवार-रविवार घेतो’ असं म्हणत होते. चहा आला. त्यांनी गळ्यातला पंचा हळूच एका हाताला गुंडाळला, दुसरं टोक मानेमागून ओढून धरलं आणि कपाच्या दिशेने हात वर ओढत नेला. सकाळी हात इतके थरथरतात की कप तोंडापर्यंत पोचत नाही, म्हणून पंचाची अशी कप्पी करतात. मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रुमालाने हेच करायचो. मी काही बोललो नाही. त्यांचा कप घेतला, अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतला, म्हणजे सांडणार नाही, आणि परत दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्हीपण?” शनिवार-रविवारची गोष्ट तिथेच संपली.

महाराष्ट्रात हे काही नवं नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची देणगी होती. तिथे बरे झालेले कितीतरी मित्र पुढे तिथेच कामाला लागले. अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ साली उभं राहिलं, तेही एक दारू पिणारा शेअर दलाल आणि एक दारू पिणारा सर्जन एकमेकांशी बोलत बसले त्यातून.

पण नुसतं ‘मीपण प्यायचो’ हे पुरेसं नाही, आणि इथे तुमची शंका रास्त आहे. भावाच्या केंद्रात जाऊन काही गोष्टी सरळ विचारा. तिथे येणारा डॉक्टर कोण आणि आठवड्यातून किती वेळा येतो? रोज पिणारा माणूस एकदम थांबला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ते दिवस औषधाखालीच काढायचे असतात. जे समुपदेशक पूर्वी व्यसनी होते त्यांना सुटून किती वर्षं झाली, त्यांनी प्रशिक्षण घेतलं आहे का, आणि त्यांच्या कामावर लक्ष कोण ठेवतं? केंद्राची नोंदणी आहे का? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाच्या आजारालाही लागू आहे. तुम्हाला भावाशी एकट्याने बोलू देतात का, हे आवर्जून पाहा. मारहाण करणारं, साखळीने बांधणारं, भेट नाकारणारं ठिकाण असेल तर त्याच दिवशी भावाला बाहेर काढा. मग तिथे सगळे पदवीधर का असेनात.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. एका मालिकेत ती नायिकेची मुलगी आहे. लोक रस्त्यात ओळखतात, तिलाही आवडतं. पण शूटिंग कधी कधी रात्री दहापर्यंत लांबतं. परदेशातल्या बालकलाकारांच्या नशेच्या गोष्टी वाचल्या की पोटात गोळा येतो. तिच्या पैशातून आम्ही घराचा हप्ता भरतो, हेही लिहून टाकते. आमचं चुकतंय का?
— एक आई, ठाणे

ताई, हप्त्याची गोष्ट तुम्ही आपण होऊन लिहिलीत, त्यावरूनच कळतं की तुमची झोप उडाली आहे. घाबरू नका. पडद्यावर काम केलेली बहुतेक मुलं पुढे साधी, चांगली आयुष्यं जगतात, त्यांच्या बातम्या होत नाहीत एवढंच. पण तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो.

चार्ली चॅप्लिनबरोबर १९२१ साली पडद्यावर आलेला जॅकी कूगन हा चिमुरडा त्या काळी जगात गाजला होता. त्याने लाखो डॉलर कमावले. सज्ञान झाल्यावर पाहतो तर आई आणि सावत्र वडिलांनी जवळपास सगळं खर्चून टाकलेलं. १९३८ साली त्याला स्वतःच्या आईवर खटला भरावा लागला. हाती आले सव्वा लाख डॉलरच्या आसपास. त्या प्रकरणामुळे कॅलिफोर्नियाने १९३९ मध्ये कायदा केला आणि आज तिथे बालकलाकाराच्या कमाईतले किमान १५ टक्के वेगळ्या खात्यात ठेवावेच लागतात. कूगनचे पैसे गेले हे वाईटच. मला त्याहून वाईट वाटतं ते आईला कोर्टात समोर उभं करण्याचं.

आपल्याकडेही नियम आहेत. मालिकांच्या जगात ते फार कुणी आईबापांना सांगत नाही, म्हणून इथे देतो. बालकामगार कायद्यात २०१६ साली बदल झाला आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यानुसार मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांहून जास्त काम नाही. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. शाळा सुटता कामा नये ही जबाबदारीही निर्मात्याची. आणि कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावावर मुदत ठेव म्हणून थेट जमा व्हायला हवेत. थेट म्हणजे तुमच्या खात्यातून फिरून नाही. करार काढा आणि हे कलम त्यात आहे का ते आजच पाहा. रात्री दहाचं शूटिंग या नियमांत कसं बसतं, हे निर्मात्याच्या माणसाला विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हप्त्याबद्दल माझं मत कडक आहे. नऊ वर्षांच्या मुलीवर घर उभं राहिलं की त्या घरात तिला आजारी पडता येत नाही. कुणी तिला रागावत नाही, तरी तिला ते कळतं. मुलांना हप्त्याची तारीख कळते, ताई. माझ्या मुलाला सात वर्षांचा असताना माझ्या पगाराची तारीख पाठ होती, कारण त्या रात्री मी पिऊन यायचो. यजमानांशी बसून बोला. घर लहान घ्यावं लागलं तरी चालेल, पण हप्ता दोघांच्या पगारातून निघेल असं करा.

आणि एक छोटी, पण मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट. रात्री उशिरा शूटिंग संपल्यावर झोप येत नाही म्हणून मुलांना खोकल्याचं औषध किंवा अर्धी गोळी द्यायची, सकाळी तरतरी यावी म्हणून कॅनमधलं पेय पाजायचं, असं सेटवर होताना मी ऐकलं आहे. तुम्ही करत नसालच. कुणी सुचवलं तरी करू नका. झोपायला एक गोष्ट आणि उठायला दुसरी गोष्ट लागते, हे शरीराला नवव्या वर्षी शिकवू नका. त्याऐवजी महिन्यातून एकदा तिला विचारा, ‘उद्या हे सगळं बंद केलं तर?’ ती ‘चालेल’ म्हणाली तर खरंच बंद करायची तुमची तयारी हवी, नाहीतर विचारू नका. मॅकेन्झीच्या बाराव्या वर्षी असं विचारणारं कुणी तिच्याजवळ असतं, तर पुढे काय झालं असतं हा विचार माझ्या मनातून जात नाही.

प्रश्न : यंत्रमागावर काम करणारे माझे मिस्टर सहा वर्षं सुटलेले होते. दिवाळीत पुन्हा प्यायले. आता रोज पितात. मुलगा म्हणतो, सहा वर्षं फुकट गेली. शेजारच्या काकूंनी चहात टाकायची पावडर आणून दिली आहे, चव लागत नाही म्हणतात. टाकू का?
— एक बहीण, इचलकरंजी

नाही, ताई. टाकू नका. आधी ती पुडी संडासात रिकामी करा, मग पुढचं वाचा.

अशा पावडरीत बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते खरं औषध आहे, डॉक्टर देतातही. पण माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून देतात. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखं पिणार, आणि एखादा त्यात जीवानिशी जातो. वाचला तरी घरातल्या चहावरचा त्याचा विश्वास कायमचा उडतो. माझ्या ओळखीचा एक जण बायकोच्या हातचं पाणीसुद्धा पीत नसे, बाहेरून बाटली आणायचा. पुढे तो सुटला, पण ती बाटली सुटायला आणखी दोन वर्षं गेली.

१४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन क्रमांक आहे. मिस्टर तयार नसले तरी तुम्ही एकट्या करा. जवळचं केंद्र कुठलं ते सांगतात. आता रोज पीत आहेत म्हणजे एका दिवसात बंद करायला लावू नका, डॉक्टरला दाखवून मगच.

आणि मुलाला माझा निरोप द्या. बाळा, त्या सहा वर्षांत तू पहिलीतून सातवीत गेलास ना? गॅदरिंगला बाबा पहिल्या रांगेत बसले असतील. ते घडलं आहे. दिवाळीने ते मागे जाऊन बदललं नाही. बाबांच्या शरीराला आणि डोक्याला दोन हजारांहून जास्त दिवस न पिता राहायची सवय होती. जो कधीच थांबला नाही त्याच्यापेक्षा ते आजही पुढे आहेत. आमच्याकडे दुसऱ्यांदा येणारा माणूस शरमेने मान खाली घालून येतो. मी त्याला खुर्ची देतो आणि अण्णांचाच प्रश्न विचारतो. वळण कुठलं होतं? तुम्हीही भांडण नसेल अशा एखाद्या सकाळी, ते प्यायलेले नसताना, एवढंच विचारून पाहा. पगार कमी झाला होता का, माग बंद पडला होता का, कुणी जुना मित्र परत आला होता का. उत्तर लगेच मिळणार नाही. परत एकदा विचारा.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढायचो. चौदा महिने झाले, क्लीन आहे. मोबाइल दुरुस्ती शिकलो होतो, चुलत्यांच्या दुकानात बसायला ते बोलावतात, पण मला ते नको वाटतं. केंद्रातले सर म्हणतात, इथेच समुपदेशक हो. मॅकेन्झी फिलिप्ससारखं मलाही माझं आयुष्य या कामाला द्यायचं आहे. तुम्ही काय सांगाल?
— एक मित्र, मुंबई

मित्रा, तुला ‘तू’ म्हणतो. चौदा महिने म्हणजे काय ते मला माहीत आहे. गर्दच्या बाबतीत तर जास्तच. छातीशी धरतो तुला.

पण आत्ता समुपदेशक होऊ नकोस. दोन-तीन वर्षांनी हो.

कारण सांगतो. केंद्रात दिवसभर नशेच्याच गोष्टी कानावर पडतात. रोज कुणीतरी नवा येतो, त्याच्या कपड्यांना तो वास असतो. तुझ्या मेंदूला त्या वासाची ओळख अजून ताजी आहे. मी नवीन असताना एका मुलाच्या काळजीत गुंतलो, तो पळून गेला तर मी रात्रभर जागा. तिसऱ्या आठवड्यात मला स्वतःच्या मीटिंगला जायची लाज वाटायला लागली, कारण आता मी ‘सर’ होतो ना! सरांना कसं म्हणता येईल की मलाही आज इच्छा झाली? त्या वेळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला महिनाभर स्वयंपाकघरात कामाला लावलं म्हणून वाचलो. हे काम म्हणजे उपचार नाही, रे. उपचार वेगळे घ्यावे लागतात, काम वेगळं करावं लागतं, आणि दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्ही बुडतात.

मॅकेन्झीची तारीख नीट बघ. २००८ साली पकडली गेली आणि दुसऱ्या महिन्यात खुर्चीवर बसली, असं झालेलं नाही. मधे न्यायालय आहे, उपचार आहेत, स्वतःबद्दल लिहिणं आहे, प्रशिक्षण आहे, आणि कित्येक साधी वर्षं आहेत.

एक धोक्याची गोष्ट सांगायलाच हवी, आणि ती इतर वाचकांनीही घरात सांगावी. चौदा महिन्यांत तुझ्या शरीराची गर्द सोसायची ताकद उतरलेली आहे. पूर्वी जेवढं ओढायचास तेवढं आज घेतलंस तर श्वास बंद पडू शकतो. सुटलेली पोरं दगावतात ती बऱ्याचदा अशी, जुन्या मापाने एकदाच घेऊन. कधी घसरलासच तर लपवत एकटा बसू नकोस, दार उघडं ठेव आणि कुणाला तरी फोन कर. घसरायची परवानगी देत नाही मी तुला. तू जिवंत असलास तर बाकी सगळं परत जमवता येतं, म्हणून लिहिलं.

चुलत्यांच्या दुकानाला ‘नको’ का म्हणतोस ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. तिथे तू कुणी खास नसशील. गिऱ्हाईक डिस्प्ले बदलायला येईल, शंभर रुपये कमी करा म्हणेल, आणि तू गर्द सोडलास याचं त्याला काही नसेल. केंद्रात सगळे टाळ्या वाजवतात. खरं ना? म्हणूनच दुकानात बस. टाळीशिवायचे दिवस काढायची सवय होऊ दे. संध्याकाळी मीटिंग चुकवू नकोस. रविवारी केंद्रात जा, नव्या मुलांबरोबर कॅरम खेळ, त्यांच्या आईला चहा दे, एवढं भरपूर आहे. प्रशिक्षणाची माहिती तोवर गोळा करून ठेव. घाई नाही.

पुढच्या पत्रात दुकानाचं शटर रोज किती वाजता उघडतोस ते मला लिही.